आईचं वय एकतीस

१९९९ च्या ऑक्टोबरात 'वास्तव' लागला आणि पाठोपाठ दिवाळीला 'हम साथ साथ हैं'. पहिल्यात मुंबईतल्या साध्या घरातली आई नशेने आणि भीतीने पार कामातून गेलेल्या आपल्या मुलाला त्याच्याच पिस्तुलाने गोळी घालते. दुसऱ्यात श्रीमंत घरातली आई मैत्रिणींच्या नादाला लागून सावत्र मुलाला घरापासून दूर जायला लावते. सूरज बडजात्या यांनी रामायणच बंगल्यात आणून बसवलं होतं, तेव्हा कैकेयी ओघानेच आली. या दोन्ही आया रिमा लागू यांनी केल्या. मोहनीश बहल दोन्हीकडे त्यांचा थोरला मुलगा. महिन्याभराच्या अंतराने एकच बाई एकदा मुलाला मारते आणि एकदा मुलाला वनवासाला धाडते, याचं प्रेक्षकांना काही नवल वाटलं नसावं. तोवर दहा वर्षं हिंदी चित्रपटात आई म्हटलं की रिमा, हे ठरूनच गेलं होतं.

'वास्तव' लागला तेव्हा रिमा ४१ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मुलगा झालेला संजय दत्त ४० चा.

हिंदी सिनेमाची वयाची बेरीज-वजाबाकी अशीच चालते. 'मदर इंडिया' १९५७ चा. त्यात नर्गिस सुनील दत्तची आई होती आणि दोघं साधारण एकाच वयाची. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. 'शक्ती'त राखी अमिताभची आई झाली, ती त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. 'मदर इंडिया'तली आई शेवटी बिरजूला गोळी घालते. बिरजू झालेल्या सुनील दत्तच्या मुलाला ४२ वर्षांनी पडद्यावर आईच्याच हातून गोळी खावी लागली, हा योगायोग 'वास्तव'चे दिग्दर्शक महेश मांजरेकर यांच्या मनात होता की नव्हता, ते सोडून देऊ. पण दोन आयांमधला फरक बघण्याजोगा आहे. नर्गिसची राधा गोळी घालते ती गावाच्या अब्रूसाठी. तिच्यामागे जमीन, धर्म, देश असं सगळं उभं असतं. 'वास्तव'मधल्या रिमा यांच्या शांताच्या मागे कोणी उभं नसतं. ती पोरगा सुटावा म्हणून चाप ओढते. चित्रपट सुरू होतो तोच समुद्रकिनारी, त्या मुलाच्या, रघूच्या श्राद्धाने, आणि पुढची सगळी हकीकत तीच सांगते. म्हणजे मुलाला मारल्यावर ती जगली आहे, घर सांभाळते आहे, नातू वाढवते आहे. मेलेल्या मुलाचं दिवसकार्य करून संध्याकाळी कुकर लावणारी बाई आपल्याला चाळीतून माहीत असते. हिंदी पडद्यावर ती फारशी आलेली नव्हती.

तिशीतल्या नटीला आई केलं म्हणून हळहळायची आपल्याकडे रीत आहे. रिमा यांच्यावर लिहिलेल्या बहुतेक मजकुरात ती हळहळ सापडते. मला त्यात फार रस नाही. हळहळ बाजूला ठेवली की दिसतं ते असं, की त्यांनी म्हातारपण कधी केलंच नाही. त्यांच्या आधीच्या पडद्यावरच्या आया खोकायच्या, कमरेत वाकायच्या, देवापुढे पदर पसरायच्या. शिवणाचं मशीन आणि आंधळेपण यांतलं एक तरी नशिबी असायचं. रिमा यांनी केसांना फार तर थोडी पांढरी झाक घेतली, पण पाठ ताठ ठेवली, पावलं झपझप टाकली. विशीच्या आत लग्न झालेली आणि चाळिशीला मुलगा हाताशी आलेली बाई आपल्याकडे घरोघर होती. तिच्या अंगात अजून रग असते, तिला सिनेमाला जायचं असतं, मुलाच्या मैत्रिणीकडे ती जरा जास्तच कुतूहलाने बघते. हिंदी सिनेमाला ही बाई ठाऊक नव्हती. रिमा यांना होती, आणि त्याचं कारण त्यांच्या आयुष्यात शोधावं लागतं.

मूळ नाव नयन भडभडे, जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाहली'मधलं त्यांचं काम जुन्या नाटकवाल्यांच्या अजून लक्षात आहे. नयनचं शिक्षण पुण्यात हुजूरपागेत. शाळेच्या स्नेहसंमेलनातच मुलीच्या अंगातलं कसब दिसलं असं सांगतात, आणि शाळा संपल्यावर फार दिवस न दवडता ती रंगभूमीवर आली. नाटकवाल्या आईची मुलगी असण्याचे दोन फायदे. एक म्हणजे विंगेतून नाटक कसं दिसतं ते लहानपणीच कळतं. आणि दुसरा, जास्त मोलाचा, की घर चालवून नाटक करणारी बाई कशी जगते ते बघायला मिळतं. दुपारचा प्रयोग आणि रात्रीचा प्रयोग यांच्यामध्ये तिला घरच्या भाजीचा विचार करावा लागतो. ग्लॅमर म्हणतात ते या घरांत कधी वस्तीला नसायचं.

१९७८ मध्ये विवेक लागू यांच्याशी लग्न झालं, तेही नट. नयनची रिमा लागू झाली. मुलगी मृण्मयी. पुढे पतिपत्नी वेगळे झाले आणि त्यावर दोघांनीही चव्हाट्यावर बोलणं टाळलं. इथेही तो विषय एवढ्यावरच थांबलेला बरा.

१९७९ पासून रिमा युनियन बँकेत नोकरीला होत्या आणि ती नोकरी त्यांनी सुमारे दहा वर्षं केली. त्यांच्या चरित्रातली ही नोंद बहुतेक जण एका ओळीत उरकतात. मला ती महत्त्वाची वाटते. त्या काळच्या मुंबईत बँक ही मराठी रंगभूमीची नोंद न झालेली आश्रयदाती होती. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. बँकांच्या आपापसांत नाट्यस्पर्धा चालायच्या, एकांकिका बसवल्या जायच्या, आणि नाटकातल्या माणसाला साहेब थोडं सांभाळून घ्यायचे. रिमाही या आंतरबँक कार्यक्रमांत भाग घ्यायच्या. नाटकात पैसे मिळत ते नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक. प्रयोग रद्द झाला की नाइट बुडाली. पहिल्या तारखेचा पगार ही चैन नव्हती, आधार होता. पदरात लहान मूल असलेल्या बाईला तर फारच. सकाळी लोकल, दिवसभर लेजर आणि गिऱ्हाईक, संध्याकाळी दादरला शिवाजी मंदिर किंवा ठाण्याला गडकरी, शनिवार-रविवारी दौऱ्याची बस, अशी दिनचर्या त्या पिढीतल्या कितीतरी नट-नट्यांची होती.

काउंटरच्या पलीकडे रोज उभ्या राहणाऱ्या बायका, पासबुक पदरात गुंडाळून आणणाऱ्या, नवऱ्याला न सांगता आवर्ती ठेव काढणाऱ्या, मुलाच्या फीचा चेक वटला का म्हणून तीनदा विचारणाऱ्या, या अभिनयाच्या शाळेत शिकवल्या जात नाहीत. रिमा यांच्या आया पैशाची गोष्ट निघाली की किंचित सावध होतात, हे कोणी पाहिलंय का? 'वास्तव'मध्ये रघू पन्नास तोळ्यांची सोन्याची साखळी आईला दाखवतो, तो प्रसंग नीट बघा. सगळी टाळी संजय दत्तच्या संवादाला जाते. पण आईच्या चेहऱ्यावर आधी सोनं येतं आणि मग ते कुठून आलं हा प्रश्न. क्षणभर तिला ते सोनं आवडलेलं असतं. शहाणी नटी हा क्षण लपवते आणि सरळ दुःखाकडे जाते. रिमा तो लपवत नाहीत.

रंगभूमीवर त्यांचं नाव झालं ते जयवंत दळवींच्या 'पुरुष'ने. विजया मेहता यांचं दिग्दर्शन, गुलाबराव झाला होता नाना पाटेकर, आणि अंबिका रिमा. ध्येयवादी मास्तरांची ही मुलगी स्वतःही शिक्षिका आहे. सत्तेच्या माजातला गुलाबराव तिला डाक बंगल्यात बोलावून घेतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. मग पोलीस, कोर्ट, गाव, वर्तमानपत्र, चळवळ या सगळ्यांच्या दारातून ती फिरून येते. वडिलांची तत्त्वं कामाला येत नाहीत. जिवाभावाचा मित्रही पुरा पडत नाही. शेवटी ती गुलाबरावचं पुरुषपण कापून टाकते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर, व्यावसायिक नाटकात हा शेवट. नानाच्या गुलाबरावचा दरारा एवढा होता की कमी ताकदीची अंबिका त्याच्यापुढे कागदासारखी उडून गेली असती. दळवींनी गुलाबरावला मजेदार वाक्यं दिली आहेत. प्रेक्षक पहिल्या अंकात त्याच्यावर हसतो, त्याच्याबरोबरही हसतो. अंबिकेच्या वाट्याला मजेदार वाक्यं नाहीत. तिला पहिल्या अंकातलं ते हसू दुसऱ्या अंकात प्रेक्षकाच्या घशात अडकवायचं असतं. तेही किंचाळून नव्हे. किंचाळली तर ती बळी ठरते आणि शेवटचं कृत्य वेडाच्या भरातलं वाटतं. थंडपणे केलं तर ती खलनायिका. या दोन्हींच्या मधली बारीक वाट रिमा यांनी पकडली, आणि त्या वेळी त्या पंचविशीच्या आतबाहेर होत्या. नाटक धो धो चाललं, पुढे हिंदीतही गेलं.

त्यानंतर शेखर ताम्हाणे यांचं 'सविता दामोदर परांजपे'. एका सुखवस्तू घरातल्या बाईच्या अंगात मेलेल्या बाईचं वारं येतं, अशी गोष्ट. दोन बायका एकाच शरीरात, एकाच नऊवारी-पाचवारीच्या आत उभ्या करायच्या. मेकअप बदलायला वेळ नाही, प्रकाशाची करामत फार नाही, बदलायचा तो आवाज आणि मान. रत्नाकर मतकरींचं 'घर तिघांचं हवं' हे तिसरं नाव. ही तीन नाटकं शेजारी शेजारी ठेवली तर लक्षात येतं, की मराठी रंगभूमीने या नटीला राग दिला होता, भय दिलं होतं, स्वतःची म्हणून एक मागणी दिली होती. हे सगळं एकतिशीच्या आत.

समांतर सिनेमानेही तिला आई म्हणून बोलावलं नव्हतं. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९ चा, गोविंद निहलानींचा 'आक्रोश' १९८० चा, श्याम बेनेगलांचा 'कलयुग' १९८१ चा. 'आक्रोश'मध्ये त्या नाचणारी बाई होत्या. अरुणाराजे यांच्या 'रिहाई'त गावातले पुरुष कामधंद्याला शहरात गेलेले, आणि मागे राहिलेल्या बायकांच्या शरीराचं काय, हा प्रश्न सरळ विचारलेला होता. त्या बायकांतली एक रिमा. कामं छोटी, पण त्यांत हाडामांसाची बाई होती.

मग १९८८ मध्ये 'कयामत से कयामत तक' आला. जुही चावलाची आई. जुही त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. आणि १९८९ च्या डिसेंबरअखेर 'मैंने प्यार किया'. चित्रपट लागला त्याच्या दोन दिवस आधी सलमान खान २४ वर्षांचा झाला होता. त्याची आई ३१ ची. दिग्दर्शक सूरज बडजात्या स्वतः पंचविशीचा. बँकेतली दहा वर्षं संपण्याची वेळही हीच.

नव्या मुलांच्या नव्या चित्रपटांना नवी आई हवी होती, हे त्यामागचं साधं कारण. अमिताभची आई गरीब होती, कारण त्याला सूड घ्यायचा होता. 'मैंने प्यार किया'तल्या सलमानच्या, म्हणजे प्रेमच्या, बापाचे कारखाने आहेत, घरात नोकर आहेत. तिथे खोकणारी आई शोभणार कशी? तिथे हवी होती मुलाच्या खोलीत हसत येणारी, त्याच्या मित्रांना नावाने हाक मारणारी, बाप अडला तर मुलाच्या बाजूने उभी राहणारी आई. कौशल्या चौधरी ही ती. रिमा यांनी तिला मोठ्या बहिणीच्या अंगाने केलं. वयाचं अंतर लपवायची धडपड सोडून त्यांनी ते वापरूनच टाकलं, आणि पुढची पंधरा वर्षं निर्मात्यांना दुसरीकडे बघायची गरज पडली नाही. 'आशिकी', 'साजन', 'पत्थर के फूल', 'गुमराह', 'ये दिल्लगी', 'रंगीला', 'कुछ कुछ होता है', 'कल हो ना हो'. सलमान, अक्षयकुमार, सैफ, शाहरुख सगळे मुलगे. श्रीदेवी, माधुरी, काजोल, ऊर्मिला मुली. श्रीदेवी पाच वर्षांनी लहान होती.

या यादीकडे बघताना एक घराणं आठवतं. गाण्यातलं असतं तसंच, फक्त गंडा न बांधता चाललेलं. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचना, आणि मग रिमा. हिंदी पडद्याला आया पुरवण्याचं काम मराठी बायकांनी सत्तर वर्षं केलं आहे. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी. दहा वर्षांनी 'आवारा'त राज कपूरची आई. ललिता पवारांच्या गालावर १९४२ च्या एका चित्रीकरणात जोराची चपराक बसली, चेहऱ्याला इजा झाली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं गेली आणि सासवांची आली. सुलोचनाबाईंनी बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त नूतनची आई केली ती १९५९ मध्ये. जन्म १९२८ चा. म्हणजे त्याही तिशी-एकतिशीच्याच. ही काही रिमा यांची एकटीची कहाणी नव्हे.

पण या घराण्यात एक फरक पडला. दुर्गाबाई राणीसारख्या उभ्या राहत, 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई आठवा. सुलोचनाबाई सोसत. त्यांच्यासारखं सोसणं कोणाला जमलं नाही. रिमा हसल्या. 'हम आपके हैं कौन'मध्ये लग्नघरात आलोकनाथ विहीणबाईंची छेड काढतात आणि त्या गाण्यातूनच उत्तर देतात. दोन घरांची जुनी ओळख आहे, कधीकाळी काही राहून गेलं असावं असा बारीकसा धागा त्या थट्टेत आहे, नवरा अनुपम खेर शेजारीच. त्यात रिमा यांचं लाजणं पाहण्यासारखं आहे. लग्नाच्या वयाच्या दोन मुलींची आई म्हणून जी लाज वाटायला हवी ती आहेच, पण तिच्या खाली कॉलेजातल्या मुलीची खुशीही आहे. माधुरी त्या चित्रपटात काय नाचली हे सगळ्यांना ठाऊक आहे. या काही मिनिटांबद्दल कोणी लिहीत नाही.

तरीही कबूल करायला हवं, की हिंदी सिनेमाने त्यांचा अर्धाच माल उचलला. फिल्मफेअरची सहायक अभिनेत्रीची चार नामांकनं मिळाली, 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव'साठी. बाहुली एकदाही मिळाली नाही. बाहुलीचं एवढं काही नाही. खरी गोष्ट अशी, की त्या पंचवीस-तीस आयांपैकी 'वास्तव'ची शांता सोडली तर एकीलाही स्वतःचं काही हवं नसतं. मुलाचं लग्न व्हावं, घर एक राहावं, नवऱ्याने माफ करावं, यापलीकडे कौशल्या, 'हम आपके हैं कौन'ची मधुकला, 'हम साथ साथ हैं'ची ममता यांची इच्छा जात नाही. अंबिकेला न्याय हवा होता. तो मागणारी बाई आणि तुळशीपुढे दिवा लावणारी बाई एकाच नटीने केली, आणि हिंदी प्रेक्षकाला पहिलीचा पत्ताही लागला नाही.

उरलेला माल दूरदर्शनने उचलला. मालिकांशी रिमा यांची ओळख जुनी. १९८५ च्या 'खानदान'मध्ये त्या होत्या. पण १९९४ च्या आसपास दोन विनोदी मालिका एकदमच आल्या. 'श्रीमान श्रीमती'त त्या कोकिळा कुलकर्णी, म्हणजे कोकी. नवरा केशव, जतीन कनाकिया, शेजारच्या नटीवर लट्टू. शेजारणीचा नवरा दिलरुबा, राकेश बेदी, कोकीवर. अर्चना पूरणसिंग शेजारीण. दोन फ्लॅट, एक जिना, आणि रोज तोच घोटाळा. अशा फार्समध्ये नट हातवारे वाढवत नेतात. रिमा यांनी कोकीला सरळ ठेवलं: आपल्यामागे कोणी लागलंय हे तिला कळतंही आणि ते मनातून फारसं वाईटही वाटत नाही. हिंदीतल्या कुठल्याही आईला अशी थोडी आत्मप्रीती परवडली नव्हती.

दुसरी 'तू तू मैं मैं'. सचिन पिळगावकर दिग्दर्शक, सासू देवकी रिमा, सून राधा सुप्रिया पिळगावकर. दोघींत नऊ वर्षांचं अंतर. दूरदर्शनवरून ती पुढे स्टार प्लसवर गेली आणि शतक संपेपर्यंत चालली. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. फोडणीत हिंग किती, पाहुण्यांना चहा कोणी करायचा, मुलाला शर्ट कोणी आणला, बस. नवरे आणि मुलगे दोघींच्या मधे सापडून सँडविच होतात. पण त्या भांडणात लय होती. देवकी आधी गप्प बसते. मग पदर खोचते. मग नवऱ्याकडे बघत सुनेबद्दल बोलते, सुनेकडे बघत नवऱ्याबद्दल. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर जोर देऊन ती खोलीबाहेर निघते आणि दाराशी थबकून आणखी एक ठेवून देते. एक्झिटवर टाळी घेणं हे रंगभूमीचं गणित आहे. प्रयोगाला आठशे माणसं समोर असतात तेव्हा ते कळतं, रिकाम्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर शिकता येत नाही. सुप्रियाही नाटकातल्याच, त्यामुळे चेंडू लगेच परत यायचा. दोन मराठी बायका हिंदीत भांडत होत्या आणि ते भांडण साऱ्या उत्तर हिंदुस्थानाला आपल्या स्वयंपाकघरातलं वाटत होतं.

त्या मालिकेत सासू वाईट नव्हती, सून गरीब नव्हती. संध्याकाळपर्यंत दोघी एकत्र भाजी निवडायला बसलेल्या असायच्या. २००० च्या जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि सासू-सुनेच्या नात्यातलं हसणं छोट्या पडद्यावरून उठलं. त्याजागी आली कारस्थानं, एकाच चेहऱ्यावर तीनदा धावून जाणारा कॅमेरा आणि मागे ढोलताशे. २००६ मध्ये 'कडवी खट्टी मीठी' या नावाने जुनी जोडी परत आणून पाहिली, पण तोवर प्रेक्षकाची सवय मोडलेली होती. माझ्या मते रिमा यांचं कॅमेऱ्यासमोरचं सगळ्यात मोकळं काम 'तू तू मैं मैं'मध्ये आहे, आणि 'वास्तव' त्याच्या मागोमाग येतो. पुरस्कारवाल्यांना विनोद दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे.

मराठीकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. 'रेशमगाठ', 'आई शप्पथ', 'अनुमती', 'जाऊं द्या ना बाळासाहेब' हे चित्रपट, झी मराठीवर 'तुझं माझं जमेना', अधूनमधून नाटक. गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती'त पत्नीचा कृत्रिम श्वास चालू ठेवायचा की नाही या पेचात सापडलेला म्हातारा विक्रम गोखले करतात. त्याला कोकणात भेटणारी जुनी मैत्रीण रिमा. थोडाच वेळ त्या पडद्यावर आहेत. कोणाची आई म्हणून आलेल्या नाहीत, एवढ्यानेही बरं वाटतं.

२०१६ च्या सप्टेंबरात स्टार प्लसवर 'नामकरण' सुरू झाली. कथा महेश भट्ट यांची, त्यांच्याच 'जख्म'च्या अंगाने जाणारी: लग्न न करता संसार केलेली बाई, तिची मुलगी, आणि त्या दोघींना घराच्या उंबऱ्याशी अडवणारी त्या पुरुषाची आई. दयावंती मेहता, म्हणजे ही अडवणारी, रिमा झाल्या. इथे एक जुना हिशेब उलटा लागतो. १९९० मध्ये याच भट्ट यांनी 'आशिकी'त रिमा यांना टाकलेली बायको केलं होतं. नवरा दुसरं लग्न करतो आणि मुलगा त्या मांडवात जाऊन धिंगाणा घालतो. सव्वीस वर्षांनी त्याच घरंदाज पायरीच्या वरच्या बाजूला उभं राहून दुसऱ्या बाईला हाकलून लावायचं काम त्यांच्याकडे आलं. दयावंतीच्या कपाळावरचं कुंकू, भरजरी साडी, पूजेचं तबक सगळं हिंदीतल्या आईचंच होतं. फक्त आतली बाई कठोर. तीस वर्षं जे सामान प्रेमळपणासाठी वापरलं तेच त्यांनी भीतीसाठी वापरलं. डेली सोपच्या धबडग्यात, बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये, रात्री लिहून सकाळी हातात आलेल्या पानांवर.

१७ मे २०१७ च्या संध्याकाळपर्यंत त्या याच मालिकेच्या सेटवर होत्या. रात्री छातीत दुखू लागलं, अंधेरीतल्या कोकिलाबेन रुग्णालयात नेलं आणि १८ मेच्या पहाटे त्या गेल्या. वय ५८, महिन्याभराने एकोणसाठ झालं असतं. मालिका थांबली नाही, तिथे थांबायची सोयच नसते. दयावंतीच्या भूमिकेत रागिणी शहा आल्या आणि गोष्ट पुढे गेली.

मृण्मयी लागू यांनी अभिनय केला, दिग्दर्शन-साहाय्य केलं, आणि मग लेखनाकडे वळल्या. २०२० च्या फेब्रुवारीत आलेला 'थप्पड' त्यांनी अनुभव सिन्हा यांच्यासह लिहिला. भर पार्टीत नवऱ्याने मारलेल्या एका थपडेवरून अमृता घटस्फोट मागते. गाजलं ते हेच. त्या चित्रपटात अमृताची आई आहे, रत्ना पाठक शहा. हसतमुख, नीटनेटकी, संसारात मुरलेली. एका प्रसंगात तिच्या तोंडून येतं की तिला गाण्यात पुढे जायचं होतं आणि ते राहून गेलं. नवरा, भला माणूस, चकित होतो: मी तर कधी अडवलं नव्हतं. अडवलं नव्हतं हे खरंच, विचारलंही नव्हतं. हिंदी पडद्यावरच्या आईला स्वतःचं काहीतरी हवं होतं हे एवढ्या साध्या, घरगुती सुरात सांगणारा हा प्रसंग रिमा लागूंच्या तीस वर्षांच्या कामात त्यांना कोणी लिहून दिला नव्हता.